बॉनेट न उघडण्याचा ठराव

८ मार्च १९८१

आजपासून रोज लिहिणार. ज्याच्या हातून काही मोठं काम होणार असतं त्यानं नोंद ठेवावी, असं माझं मत आहे. घरातून पुष्पलता म्हणाली, मागच्या साली बी लिहून राहिले होते, आठ दिवसांत त्याच वहीत धोब्याचे कपडे लिहाले घेतले. बायकोला मोठं काही सांगू नये.

मुद्दा असा. भाचा कृष्णकांत कुवेतहून सुट्टीवर आला. बाकीच्यांना सेंट, टेरिकॉट, टॉर्च. मला तेल. इंजिन ऑइल. सिंथेटिक! तीन डबे. डब्यावर इंग्रजीत स्पष्ट छापलंय: बेटर मायलेज, लाँगर इंजिन लाइफ, पंचवीस हजार मैल बदलायची गरज नाही. हे तेल जमिनीतून निघत नाही, लॅबोरेटरीत बनवतात म्हणे. नागपुरात कोणी पाहिलं असेल? मी तर म्हणतो, मीच.

ते घालायचं कशात हा प्रश्नच नाही. आमच्या विणकर समाज मंडळाची गाडी सेक्रेटरी म्हणून माझ्या ताब्यात आहे. कामठीच्या लिलावात घेतलेली मिलिटरीची जुनी ॲम्ब्युलन्स. समाजात कोणी गेलं की घरून घाटावर नेते. दोन्ही बाजूंना 'अंतिम सेवा' हे मीच पेंटरकडून लिहून घेतलं. मिलिटरीत तिला माणसं वाचवायला पळावं लागे. आमच्याकडे तशी घाई नसते, त्यामुळे इंजिन टिकलं.

१० मार्च

तेल घातलं. गाडी गांधीबागेच्या मागच्या गल्लीत, एका गॅरेजात नेली. जुनं तेल डांबरासारखं निघालं, खाली पडायलाही तयार नव्हतं. नवीन तेल मधासारखं. ड्रायव्हर लहानूनं बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाला, साहेब, हे त चपातीले लावाले पाहिजे.

डब्यावर आणखी एक ओळ आहे. इंजिनच्या आतली जुनी घाण विरघळवून काढते. म्हणजे वीस वर्षांची मिलिटरीची घाण आता निघणार.

संध्याकाळी दादाकडे जाऊन डबा दाखवला. दादा म्हणजे देवराव, माझा थोरला भाऊ. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. दादानं उमरेडला मागावर बसून मला मॅट्रिक केलं, म्हणून मी मिलच्या स्टोअरमध्ये क्लार्क झालो. त्याला मूलबाळ नाही. आता छातीनं धरलंय म्हणून उपचाराला इथे नागपुरात आणलाय, खाटेवरच असतो. डबा हातात फिरवून हसला. म्हणाला, जुन्या लुगड्याले लई धुऊ नये गा बाबन, मयल काढाले जाशीन त सूतच हातात येईन. हसता हसता खोकला आला, अंजनावहिनीनं पाठ चोळली. दादाला टेक्निकल कळत नाही.

१५ मार्च

मायलेजची पहिली टेस्ट. ईश्वरदासची मावशी गेली, तिच्या अंत्ययात्रेत घेतली. ईश्वरदास आमच्याच समाजाचा, गांधीबागेत कापडाचा होलसेल, दाराशी फियाट. मंडळाच्या जूनच्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी उभा राहणार असं ऐकतो. मीही राहणार आहे, हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

शास्त्रीय टेस्ट म्हणजे वजन ठरलेलं पाहिजे. म्हणून मावशीचे चार भारी नातेवाईक उतरवले, रिक्षानं या म्हटलं. ते चिडले. घाटाजवळच्या उतारावर लहानूला इंजिन बंद करायला सांगितलं. बायकांचा रडण्याचा आवाज तेवढाच मोठा ऐकू आला, बाकी काही नुकसान नाही. घाटावर मी टाकीत पट्टी घालून पेट्रोल मोजत होतो तेव्हा ईश्वरदास म्हणाला, बाबनराव, माही मावशी जळून राहिली तिकडे, दोन मिनटं टोपी त काढा.

मायलेज वाढलं. पट्टी जरा वाकडी होती, पण वाढ दिसत होती.

२२ मार्च

काल मंडळाच्या भवनासमोर लहानूनं तेल पाहायला बॉनेट उघडलं आणि अख्खा मोहल्ला गोळा झाला. समोरच्या रुख्माबाईचा म्हातारा खाटेवर पडलेला. ती पदर खोचून बाहेर आली. काहून उघडलं बॉनेट? कोणाले न्याची तयारी करून राहिले? आमच्या दारासमोरच सापडलं का तुले मुडद्या?

आमच्याकडे हे जुनंच आहे. गाडीचं बॉनेट मोहल्ल्यात उघडलं की आठवड्यात कोणीतरी जातं, म्हणतात. मी शिकलेला माणूस, माझा विश्वास नाही. पण मागच्या वर्षी उघडलं तेव्हा खरंच दोघे गेले होते. लहानूचाही विश्वास नाही म्हणतो, पण बॉनेट लावताना तो रामराम पुटपुटत होता. म्हणून बिचाऱ्याला एरवी गाडी दूर नेऊन तेल पाहावं लागतं, काल कंटाळा केला.

दुपारी जेवता जेवता एकदम सुचलं. जे तेल पंचवीस हजार मैल बदलायचंच नाही, ते पाहायचं कशाला? भात ताटात तसाच ठेवून उठलो. पुष्पलता म्हणाली, बाप्पा, आता काय झालं?

५ एप्रिल, पाडवा

ऐतिहासिक दिवस. मंडळाच्या सभेत मी ठराव मांडला: सिंथेटिक तेल लाभल्यामुळे यापुढे गाडीचं बॉनेट उघडू नये, समितीच्या मंजुरीशिवाय तर नाहीच. टाळ्या. मी इतकी वर्षं सेक्रेटरी आहे, माझ्या ठरावाला टाळ्या पहिल्यांदा पडल्या.

ईश्वरदासनं विचारलं, तेल कमी झालं हे मग कसं कळन? मी डबा टेबलावर ठेवला आणि इंग्रजी वाचून दाखवलं. तो म्हणाला, यात बदलू नका लिहिलं आहे, पाहू नका कुठे लिहिलं? लोकांनीच त्याला गप्प केलं. रुख्माबाई उठून म्हणाली, तुमच्या घरी म्हातारं माणूस नाही म्हून बोलता.

मग सगळ्यांसमोर बॉनेटची कडी कच्च्या सुतानं बांधली. समाज विणकरांचा, सूत घरचंच. गाठीवर लाख ओतून मंडळाचा शिक्का मारला. रुख्माबाईनं मला ओवाळलं. अध्यक्षपद आता फक्त औपचारिकता आहे.

१२ एप्रिल

दादाला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरनं वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, खाऊ वाटते ते खाऊ द्या. डॉक्टर लोक काहीही बोलतात.

घरी आल्यावर दादा म्हणाला, बाबन, मले उमरेडले ने. तिथं त्याचं मातीचं घर आहे, त्यात पाय सोडून विणायला बसायचा तो मागाचा खड्डा अजून आहे. नदीकाठी आईबाबांना पोचवलं ती जागा आहे. बाकी त्याला काही नको. नेमका तेव्हा ईश्वरदास बघायला आलेला. तो लगेच म्हणाला, माही फियाट घ्या, येत्या रविवारी आरामात झोपवून नेऊ, तासा-दीड तासाचा त रस्ता. वहिनीचा चेहरा असा फुलला की मला वाईटच वाटलं. मंडळाची गाडी घरची असताना दुसऱ्याच्या गाडीवर एवढा आनंद?

मी नाही म्हटलं. कारणं: ऊन, दादाची छाती, उमरेड रोडचे खड्डे. निवडणूक हे कारण मुळीच नव्हतं. पण माझा भाऊ ईश्वरदासच्या फियाटमधून गेला, हे मोहल्ल्यात कसं दिसलं असतं, याचाही विचार करावाच लागतो.

दादाला म्हटलं, तू चिंता करू नको, वेळ आली की आपली गाडी तुला थेट उमरेडला नेईल, आईबाबांजवळ. माझा शब्द. दादा म्हणाला, आपली गाडी म्हणजे मेल्यावर. मी जित्तेपणी म्हणून राहिलो. मी म्हटलं, आधी बरा हो.

निघताना वहिनीनं दारात विचारलं, भावजी, जाईन ना गाडी उमरेडपावतर? आजवर घाटाच्या पुढे गेली नाही ते. मी म्हटलं, वहिनी, हे सिंथेटिक आहे.

२० एप्रिल

गाडीखाली तेलाचे डाग. लहानू घाबरला. मी त्याला समजावलं: हे आतलं जुनं, घाणेरडं तेल पाझरून बाहेर येतंय. ताप उतरताना घाम येतो तसं. तो म्हणाला, पण साहेब, हे त मधासारखं दिसून राहिलं. त्याला म्हटलं, स्वच्छ झाल्यामुळे.

डागांवर रेती टाकायला लावली. रुख्माबाईची कोंबडी त्यावर बसते.

२७ एप्रिल

डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा खाली पडून राहतो. काटा मिलिटरीचा, म्हणजे जड तेलासाठी बनवलेला. पातळ तेलाला प्रेशर लागतच नाही, हे त्याला काय माहीत. त्यावर चिकटपट्टी लावली, म्हणजे लहानूचं लक्ष रस्त्यावर राहील.

इंजिनातून टक-टक असा आवाज येतो. मला आवडला. माग चालल्यासारखा वाटतो. समाजाच्या गाडीला शोभतो. आज गाडी दादाच्या घरावरून गेली तेव्हा मुद्दाम थांबवून विचारलं, ऐकलं का, मागासारखं? खिडकीतून वहिनीनं सांगितलं, ते म्हणतात, असा माग वाजला असता त मी बंद करून पाह्यला असता. आजारी माणूस चिडचिडा होतो.

४ मे

वहिनी सकाळीच घरी आली. माझ्याशी नाही, पुष्पलताशी बोलायला, पण मला ऐकू येईल असं. रात्रभर उमरेड उमरेड करून राहिले होते म्हणे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो म्हणतात. ईश्वरदासभाऊ अजून तयार आहेत. भावजींनी हो म्हटलं त आजच नेतो.

पुष्पलता मला म्हणाली, हो म्हणा नं. काय जाते तुमचं?

मी दोघींना शांतपणे समजावलं. मृग लागू द्या, ऊन उतरू द्या, मग मी स्वतः नेईन, ईश्वरदासची कशाला, टॅक्सी करून. वहिनी पदर सावरून उठली. चहाही घेतला नाही. तिला पटलं असावं.

११ मे

ऊन भयंकर. इतवारीत एका लहान पोराला नेताना गाडी उकळली. बाप पोराला छातीशी धरूनच उतरला आणि चालत निघाला. लहानू रस्त्यात माझ्या पाया पडला. म्हणाला, साहेब, शिक्का तोडू द्या, एक डाव तेल मोजाची काडी काढून पाहतो, मी पाप घेतो माह्या डोक्यावर.

मी त्याला नियम सांगितला. समितीची मंजुरी. तशी नोटीस काढतो, चोवीस तारखेची सभा. इतके दिवस थांबली गाडी, आणखी थोडे थांबेल. शिवाय दोन डबे घरी आहेत, कपाटावर, पुष्पलता त्यांना हळदकुंकू लावते. नवऱ्याच्या कामाबद्दल तिला आदर आहे, बोलून दाखवत नाही. (विचारलं. म्हणाली, तुमच्या डब्याले नाही लावत, मागच्या देव्हाऱ्याले लावते, डबेच मध्ये येतात.)

१७ मे, सकाळी ७

दादा गेला.

पहाटे. मी नव्हतो. वहिनी म्हणाली, पाणी मागितलं, प्यायला, झोपला. मी हात लावला तर कपाळ अजून गरम होतं. त्याच्या हातावर धोट्याचे घट्टे अजून तसेच.

शब्द पाळायचा आहे. लहानूला बोलावलं. ईश्वरदास आला, म्हणाला, ट्रक सांगू का गांधीबागेतून? रिकामाच उभा आहे. मी म्हटलं, नको. आज दादाला मीच नेणार. आज तरी मध्ये कोणी नको.

१८ मे

काल लिहिणं झालं नाही. आज लिहितो, सगळं, म्हणजे लोक पुढे काही बोलले तर नोंद असावी.

गाडीत दादा, वहिनी, मी, समाजाचे पाच-सहा लोक. ईश्वरदास फियाट घेऊन आधी पुढे गेला, उमरेडला लाकडं सांगायला. दिघोरी नाक्याला विसावा केला. तिरडी एकदाच खाली ठेवायची, तिथं ठेवली, खांदे बदलले, पुन्हा गाडीत. तोवर सगळं ठीक होतं. टक-टक मोठी झाली होती, पण मोकळ्या रस्त्यावर आवाज मोठा वाटतोच.

पाचगाव मागे पडलं, चांपा यायचं होतं. एक मोठा आवाज झाला, खाली लोखंड आपटल्यासारखा, आणि गाडी जागच्या जागी. लहानूनं चावी फिरवली. आतून काहीच हललं नाही. दुपारचे साडेबारा. पळसाचं एक झाड, त्याची सावली गाडीला पुरेना.

आता हे कोणी विचारेल म्हणून लिहितो. कोळशाचा एक ट्रक थांबला. उमरेडलाच चालला होता, खाणीवर, रिकामा. ड्रायव्हर सरदारजी, भला माणूस, म्हणाला, बाऊजी, रख दो, मैं छोड़ देता हूँ, मेरे भी बाप गए हैं. वहिनी उठलीच. मी म्हटलं, थांबा. तेल कमी झालं असेल, एवढंच. डबे आहेत घरी. लहानूला समोरून येणाऱ्या एसटीत बसवलं, नागपूरहून डबा आणायला. सरदारजीला हात जोडले, म्हटलं, आमची गाडी चालू होईल. तो दादाकडे पाहून, पगडीला हात लावून गेला.

ट्रकचा मागचा डाला रिकामा, पण कोळशाच्या चुऱ्यानं काळा. दादा आयुष्यभर पांढऱ्या सुतात बसला. त्याला त्या कोळशात कसा ठेवू, असं मनात आलं होतं. हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही, हेही आता लिहितो.

उन्हात थांबलो. वहिनी पदरानं दादाच्या तोंडावरच्या माशा वारत होती. लोक आळीपाळीनं पळसाखाली जात होते. माझ्याकडे पाठ करून बसत होते, हे फार वाईट. चांप्याकडून एक बाई पाण्याची घागर घेऊन आली, तुळसाबाई नाव. वहिनीला पाणी दिलं, उरलेलं दादाच्या पायावर घातलं. तिनं वास येतो म्हणून नाक नाही धरलं. आमच्यातल्या दोघांनी धरलं होतं.

लहानू डबा घेऊन आला तेव्हा ऊन कललं होतं. सूत मीच तोडलं. काडी काढली, कोरडी. डबा ओतला, अख्खा. चावी. काही नाही. लहानूनं खाली वाकून पाहिलं, तेल ओतलं तसं खालून रस्त्यावर यायला लागलं. इंजिनाच्या पोटाला भोक पडलं होतं, त्यातून एक दांडा बाहेर आलेला. तेल आधीच सीलमधून गळून गेलं होतं, आणि धुवून काढलेल्या घाणीनं उरलेल्याची वाट बंद केली होती. असं लहानू म्हणाला. मी त्याला म्हटलं नाही की डब्यावर असं लिहिलेलं नाही.

त्यानंतर ट्रक थांबले नाहीत. दोन जरा हळू झाले, पण वास येताच काच वर करून निघून गेले. दिवस मावळायला आला. ईश्वरदास उमरेडला वाट पाहून शोधत परत आला, फियाट घेऊन, पण तिरडी फियाटमध्ये मावत नाही. विसावा झालेला, आता तिरडी पुन्हा खाली ठेवायची नाही म्हणून चौघांनी खांद्यावर घेतली आणि तसेच उभे राहिले. कुठे जायचं तेच कोणाला माहीत नव्हतं. तुळसाबाईच्या नवऱ्यानं सांगितलं, आमच्या गावचं मसण आहे नाल्याजवळ, चला. लाकडंही गावानंच दिली. कोणी कवाडाची फळी आणली, कोणी तुराट्या.

अग्नी मी दिला. परक्या गावात. नदी नाही, आईबाबा नाहीत. दादा उमरेडला पोचला नाही. अर्धा रस्ता राहिला होता.

वहिनी तुळसाबाईकडेच राहिली. मला घरी जा म्हणाली.

२० मे

सकाळी चांप्याला गेलो, एसटीनं. वाटेत मनात ठरवत होतो. वहिनीला टॅक्सी करून देईन. नाहीतर ईश्वरदासला सांगेन, मीच सांगेन, पाया पडेन. उमरेडला दादाच्या नावानं काही करेन. एक ओटा. मंडळाकडून. चोवीसच्या सभेत मांडता येईल.

वहिनीनं अस्थी गोळा करून ठेवल्या होत्या. लाल फडक्यात गाडगं, वर गाठ. फाट्यावर एसटीची वाट पाहत उभी होती, तुळसाबाई सोबत. मी म्हटलं, वहिनी, मी येतो. मी टॅक्सी बोलावतो, दादाला नीट नेऊ. ओट्याचंही सांगितलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, माह्यासाठी एक करा भावजी. आता काईच करू नका.

बस आली. उमरेडचीच. गर्दी होती, कंडक्टरनं तिला खिडकीजवळ जागा करून दिली. तिनं गाडगं मांडीवर घेतलं आणि खिडकीतून ऊन येतं म्हणून त्याच्यावर पदर धरला.

मी फाट्यावरच उभा राहिलो. मले दादाले नेता आलं असतं. जित्तेपणी. रविवारी सकाळी. तासा-दीड तासाचा त रस्ता होता.